विष मनगटातून बाहेर पडतं

३ मार्च, सोमवार

आयुष्य नेमकं कधी बदललं असं पुढेमागे कुणी विचारलं तर उत्तर तयार असावं, म्हणून लिहून ठेवतो. आज. औषधांच्या दुकानाच्या पायरीवर. मी खाजेची गोळी थुंकली तेव्हा.

(गोळी कडू होती. पण ते कारण दुय्यम.)

बरेच दिवस मान आणि मनगटं खाजतायत. लाल चट्टे, बारीक पुरळ. आई म्हणते डॉक्टरकडे जा, बाबा म्हणतात कॉलेजला जा, धाकटी म्हणते आंघोळ कर. शेवटी डॉक्टरकडे गेलो. दवाखाना वरच्या मजल्यावर, खाली औषधांचं दुकान. दुकानात ती. म्हणजे एका खाजेत दोनदा दर्शन, जाताना आणि येताना. ती बी.फार्म. झालीये, पांढरा कोट घालते, आणि औषधाची पट्टी कातरीने कापताना जीभ किंचित बाहेर काढते. यापुढे लिहीत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, अंगाला नवीन काही लावता का? साबण, तेल, सेंट वगैरे?

खिडकी उघडी होती. खाली दुकान. खाली सगळं ऐकू जातं. मी मोठ्याने म्हणालो, मी असलं काही लावत नाही. माझा जो काय वास आहे तो जन्मजात आहे.

आता, सेंट लावतो. पण तो प्रश्न वैद्यकीय नव्हता, खासगी होता. सेंट तिनेच निवडून दिलाय. काउंटरवर तीन बाटल्या होत्या, तिने मधली पुढे सरकवली आणि म्हणाली, हा जातो. दोनच शब्द. पण सरकवण्यात काहीतरी होतं. तेव्हापासून रोज दुकानावरून जायच्या आधी दोन्ही मनगटं आणि मानेच्या दोन्ही बाजू. कुठे लावायचं ते खोक्यावर चित्र काढून दाखवलंय. ही गोष्ट मी त्या चष्मेवाल्याला का सांगू?

तो म्हणाला, ही गोळी घ्या, आठ दिवसांनी या. डोकं सणकलं. आठ दिवस! तिथेच सुनावलं की तुम्हाला पेशंट बरा करायचा नाही, बांधून ठेवायचाय. बाहेर बाकावर बसलेल्या एका बाईंनी टाळ्या वाजवल्या. (बाळाला खेळवत होत्या. पण वेळ अचूक साधली.)

गोळी तिच्याकडूनच घेतली, कारण दुकान एकच आहे. तिच्यासमोर तोंडात टाकली. पायरीवर आलो आणि आतून आवाज आला, थुंक! थुंकली.

ती आतून ओरडली, अहो, पायरीवर काय थुंकताय!

अहो.

ठराव: गोळी बंद. मलम बंद. यापुढे फक्त माती, पाणी, ऊन, उपवास. निसर्गाने मला आजारी पाडलं, निसर्गच बरं करील. आणि पूर्ण बरा होईन त्या दिवशी तिला विचारीन. सरळ. तोपर्यंत तिचं तोंड बघणार नाही.

४ मार्च

रद्दीच्या दुकानातून निसर्गोपचाराचं पुस्तक आणलं. कव्हर नाही, मधली काही पानंही नाहीत. पण सत्य कुठल्याही पानावर सापडतं.

पुस्तक म्हणतं, सर्व रोगांचं मूळ एकच, शरीरात साठलेलं विष. हे वाचलं आणि अंगावर काटा आला. माझ्यात किती साठलं असेल! कॉलेजच्या कॅन्टीनचा चहा. हजेरीवरून सर वर्गासमोर बोलले ते. (मी त्याच तासाला दप्तर उचलून बाहेर पडलो. परत गेलो नाही. दप्तर दुसऱ्याचं होतं, ते धाकटीबरोबर पाठवलं.) घरातले टोमणे. सगळं आतच.

मग विष मनगटातून आणि मानेतूनच का बाहेर पडतं? पोटातून का नाही? गुडघ्यातून का नाही? पुस्तकात याचं उत्तर नाही. मी शोधलं. दुपारी जिन्यात बसून. मनगटाला नाडी लागते. मानेलाही लागते. जिथे नाडी कातडीच्या जवळ, तिथे विषाला दार! एवढं साधं असून आजवर एकालाही सुचलं नव्हतं. याला मी नाडीद्वार सिद्धांत म्हणतो.

धाकटीला समजावून सांगितला. ती म्हणाली, दादा, नाडी कपाळाच्या बाजूलाही लागते, तिथे का नाही पुरळ? मी म्हणालो, तिथे मेंदू आहे, तिथे विष टिकत नाही. ती म्हणाली, तुझ्या बाबतीत तिथे काहीच टिकत नाही.

सेंटची बाटली मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. ज्या मानेने तिच्यासमोर जायचं ती आधी शुद्ध हवी.

५ मार्च

उपवास. पाण्याशिवाय काही नाही. सकाळी सहाला सुरू.

आठ वाजता: शरीर हलकं.

नऊ: मन शांत. बाबांना उलट बोललो नाही.

साडेनऊ: बोललो.

दहा: पुस्तकात फळं चालतात असं लिहिलंय. जॅममध्ये फळ असतं. जॅम नुसता खाल्ला तर घशाला बसतो, म्हणून पाव.

उपवास यशस्वी मानायला हरकत नाही. पहिलाच होता.

६ मार्च

मातीचा लेप. माती शुद्ध, न तापवलेली, जमिनीच्या पोटातली हवी. जमीन लांब आहे. गॅलरीतल्या कुंडीतली घेतली. आईचं रोपटं तेवढ्यापुरतं बादलीत ठेवलं.

मानेवर लेप लावून उन्हात बसलो. सुरुवातीला थंड, मग एक विलक्षण जिवंत संवेदना, जणू माती आपल्याशी बोलतेय, सरकतेय, चावतेय.

मुंग्या होत्या.

आई म्हणाली, रोपट्याची मुळं तुटली रे. मी म्हणालो, आई, रोगाची मुळं तुटतायत. ती म्हणाली, माझ्या रोपट्याला कुठे रोग होता?

१० मार्च, सोमवार

बरा झालो!!!

आरशासमोर बराच वेळ उभा होतो. चट्टा नाही, पुरळ नाही, खाज नाही. मान अशी की टॉवेल लावायला लाज वाटावी. जे डॉक्टरला जमलं नाही ते मी कुंडीतल्या मातीने करून दाखवलं.

घरात कुणाला आनंद नाही. मोठ्या शोधांच्या वेळी असंच होत असणार. फक्त धाकटी म्हणाली की हल्ली तुझ्या शेजारी बसून जेवता येतं. तिलाही फरक जाणवला तर.

उद्या तिच्याकडे. उद्या विचारणार.

११ मार्च

सकाळी सेंट काढला. आज कंजुषी नाही. मनगटं, मान, कानामागे, शिवाय कॉलरवर.

दुकानात पोचलो. ती म्हणाली, काय हवंय?

मी म्हणालो, काही नको. मी बरा झालोय. आणि मान दाखवली. डावी, मग उजवी.

ती म्हणाली, बरं झालं. मागे लोक उभे आहेत.

विचारणं राहिलं. मागे खरंच लोक होते. पण 'बरं झालं' हे ती ज्या तऱ्हेने म्हणाली त्यात सुटकेचा निश्वास होता. माझी काळजी करत होती इतके दिवस.

१२ मार्च, सकाळ

पुरळ. पहिल्यापेक्षा जास्त. कानामागेसुद्धा.

दुपार

निराश होऊन पुस्तक फेकलं. ते ज्या पानावर उघडं पडलं त्या पानाने मला वाचवलं. तिथे लिहिलंय की उपचार लागू पडले की रोग एकदा उसळून वर येतो, त्याला उपचार-संकट म्हणतात, रोग्याने घाबरू नये, आनंद मानावा. खरं उपचार-संकट आणि नुसता वाढलेला आजार यातला फरक कसा ओळखावा हे पुढच्या पानावर आहे. पुढचं पान नाही.

पण मला पुढच्या पानाची गरज काय? खाज इतकी आहे की संकट खरंच असणार. तळाला दडलेलं जुनं, मुरलेलं विष आता निघतंय. तिच्या एका भेटीने! म्हणजे प्रेमाने रक्ताभिसरण वाढतं आणि विषाला वाट मिळते. सिद्धांतात ही भर घातली.

खाजवत बसलो. आनंदाने.

१४ मार्च

बाबांशी बोलणं. म्हणजे ते बोलले. महिना संपेपर्यंत कॉलेजात परत नाव घाल, नाहीतर आपल्या लॉन्ड्रीत इस्त्रीला उभा राहा, तिसरा रस्ता नाही.

मी तिसरा रस्ता सांगितला. लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत निसर्गोपचार केंद्र. बाबा म्हणाले, ती खोली लोकांनी न नेलेल्या कपड्यांची आहे. मी म्हणालो, माझे पेशंटही असेच असतील, जगाने टाकून दिलेले. बाबांनी इस्त्री उचलली. कपड्यासाठीच उचलली असावी, पण मी जरा मागे झालो. शेवटी आई मध्ये पडली. म्हणाली, करू दे महिनाभर, निदान घरात माती होणार नाही.

खोली छान आहे. तिन्ही बाजूंनी कोट, साड्या, सूट लटकतायत, प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली. मध्ये एक खाट. भिंतीपलीकडे बॉयलर, म्हणजे वाफ आयती. एक पांढरा कोटही मिळाला, कुणीतरी टाकून गेलेला. घातला. तिचा पांढरा, माझा पांढरा.

१७ मार्च

पहिला पेशंट! आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड मास्तर. झोप येत नाही. खरं म्हणजे ते पँट न्यायला आले होते. मी म्हणालो, मास्तर, पँट घ्या, पण झोपेचं काय? ते म्हणाले, झोपेचं तुला काय माहीत? मी त्यांच्या डोळ्यांखाली बोट दाखवलं. ते हळवे झाले. पेशंटला असं जिंकावं लागतं.

ओल्या चादरीचा उपचार केला. थंड पाण्यात पिळलेली चादर अंगाभोवती घट्ट गुंडाळायची, वरून कोरडी. चादरी समोरच्या रॅकवर होत्याच, पांढऱ्याशुभ्र, लॉजच्या. लॉज म्हणजे बाबांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. परत धुवून ठेवल्या की झालं.

मास्तर गुंडाळल्या गुंडाळल्या म्हणाले, अरे, हात काढता येत नाहीत. मी म्हणालो, काढायचे नाहीतच. मग ते शाळेतल्या गोष्टी सांगायला लागले. मग पोरांना शिव्या. मग घोरायला लागले! घोरणं इतकं की बाबा आत डोकावले. विचारलं, हे काय? मी म्हणालो, यश.

१८ मार्च

मास्तर शिंकतायत. विष नाकातूनही निघतं तर. नाकाला नाडी नाही. सिद्धांताला अपवाद म्हणून नोंद.

१९ मार्च

मास्तरांना डोक्यापासून टाचांपर्यंत चिकणमातीचा लेप, वरून लॉजची चादर. म्हणाले, मातीला वास येतो. खरंय. ही माती नर्सरीतून आणली आणि तिच्यात खत असावं. पेशंट नाक मुरडू लागला तर विष आतल्या आत परत फिरतं.

उपाय लगेच सुचला. नाकाजवळच्या, म्हणजे मानेच्या लेपात सेंटचं अर्धं झाकण. निसर्गातही फुलं असतातच.

तिने निवडलेला वास आता माझ्या उपचारात. आम्ही एकत्र काम करतोय. तिला अजून माहीत नाही, एवढंच.

२१ मार्च

मास्तरांच्या मानेवर लाल पुरळ! त्यांना कडकडून मिठी मारली. ते म्हणाले, अरे खाजतंय रे प्रचंड. मी म्हणालो, मास्तर, आयुष्यभराचं विष आहे, गुदगुल्या होणार का? ते गंभीर झाले. म्हणाले, आयुष्यभर चिडचिड केली मी, खरंय तुझं.

शिंपीणबाई आल्या. मान आखडते. मशीनवर वाकून. लेप दिला. फार गप्पिष्ट. म्हणाल्या, लग्नाचं काय तुझं? मी म्हणालो, चालू आहे. त्या म्हणाल्या, मुलीला माहीत आहे का? बायका कुठून कसं ओळखतात कळत नाही.

बेकरीवालाही आला. तो तावातावाने शिरला आणि म्हणाला, हा कोट माझा आहे. मी म्हणालो, वस्तू कुणाची असते? तो म्हणाला, खिशावर माझ्या बेकरीचं नाव शिवलंय. होतं. मी ते डिझाइन समजत होतो. पण बोलता बोलता त्याच्या मनगटाकडे लक्ष गेलं. कणीक मळून मळून दुखतं म्हणाला. बसवला आणि लेप लावला. जाताना कोट घेऊन गेला, पण समाधानाने.

२४ मार्च

आज रस्त्यात ती भेटली नाही, मी दुकानातच गेलो. (सेंट आता रोज. व्रत सुटलं, पण संकट चालू असताना तिचं दर्शन हा उपचाराचाच भाग ठरतो.)

ती म्हणाली, अहो, ते मास्तर, शिंपीणबाई आणि बेकरीवाले तुमच्याकडून येतात का? आमचं खाजेचं मलम संपलं.

काय काय आहे या एका वाक्यात! एक, अहो, दुसऱ्यांदा. दोन, माझ्या पेशंटवर तिची नजर आहे. तीन, 'आमचं'. दुकान मालकाचं आहे, तिचं नाही. मग 'आमचं' म्हणजे कुणाचं?

तशी थोडी खंतही वाटली. पेशंट माझ्याकडे बरे होतात आणि मलम तिकडून घेतात. श्रद्धा कमी पडते लोकांची. पण तिच्या दुकानाची भरभराट होतेय ना, होऊ दे. संसारात असंच चालतं.

२६ मार्च

लॉजचा मॅनेजर आला होता. चादरी घेऊन. उलगडून दाखवल्या. एका चादरीवर मास्तर पूर्ण उमटलेत, डोक्यापासून टाचांपर्यंत, तपकिरी रंगात, हात जुळवलेले. मॅनेजर म्हणाला, आमच्या एका गेस्टने किंकाळी फोडली.

मी धुतल्या होत्या. चिकणमाती आहे. ती कपड्यात गेली की गेलीच, असं बाबा म्हणाले. मॅनेजर गेल्यावर म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी उत्तर दिलं असतं, तयार होतं माझ्याकडे. त्यांनी नुसता ब्रश आणि साबणाची वडी माझ्यापुढे ठेवली आणि परत इस्त्रीकडे वळले. म्हणाले, त्यांनी परत काम दिलं तर तुझं नशीब, नाही दिलं तर माझं.

घासतोय. निघत नाही.

२८ मार्च

मानेपासून पाठीपर्यंत पुरळ. अंगठीएवढे फोड. चादरी घासताना घाम आणि सेंट आणि साबण. आई रडवेली झाली. म्हणाली, माझ्यासाठी तरी डॉक्टरकडे जा रे. मी तिला उपचार-संकट समजावलं. ती म्हणाली, संकट दिसतंय, उपचार कुठाय?

मास्तर आज आले नाहीत. शिंपीणबाईंनी निरोप पाठवला की मान मोकळी झाली, पण तिच्यावर काही ठेवता येत नाही, पदरसुद्धा. बेकरीवाल्याने फोन करून काय काय म्हटलं ते लिहीत नाही, पण 'मनगट' हा शब्द सोडला तर बाकी सगळं कौटुंबिक होतं.

महिना संपत आलाय. ठरवलं. ३१ तारखेला विचारणार. बरा झालो तरी, न झालो तरी. ती हो म्हणाली की बाबांनाही तिसरा रस्ता दिसेल. दोन पांढरे कोट, वर केंद्र, खाली दुकान. (मला कोट नवा घ्यावा लागेल.)

२९ मार्च, शनिवार

ती आली.

मला आज नीट, क्रमाने लिहायचंय. घाई करायची नाही.

मी मागच्या खोलीत होतो. दुपारची वेळ. बाबा बाहेर, धाकटी चिठ्ठ्या टाचत होती. पडदा बाजूला झाला आणि ती. कोट नाही, साध्या कपड्यात, केस मागे बांधलेले. म्हणाली, इथेच का तुमचं ते केंद्र?

हातात चादर होती, मास्तरवाली. ती तिने पाहिली. मग न नेलेल्या कपड्यांकडे पाहिलं. मग लेपाच्या वाटीकडे. मग माझ्याकडे.

मग ती जवळ आली. आणखी जवळ आली. एवढ्या जवळ ती कधीच आली नव्हती, मध्ये कायम काउंटर होता. वाकली. आणि माझी मान हुंगली.

इथे थांबून पाणी पिऊन आलो.

माझी मान हुंगली. डोळे मिटून. मी पण मिटले. बॉयलरची शिट्टी वाजली. मला वाटलं, हाच तो क्षण, आत्ता विचारावं. म्हणालो, एक विचारायचंय.

ती म्हणाली, आधी मी विचारते. सेंट लावता ना?

मग ती वाटीपाशी गेली, वाटी हुंगली, आणि म्हणाली, अरे, तू वेडा आहेस का?

तू.

एवढे दिवस ज्याची वाट पाहिली ते आलं, पण ज्या वाक्यात आलं ते वाक्य असं. पुढचं मी अर्धवट ऐकलं. ती म्हणत होती की तिघंही खाजवत दुकानात आले आणि तिघांनाही एकच वास, तेव्हाच तिला शंका आली. त्या सेंटने अनेकांची कातडी चिडते, लोकांनी बाटल्या परत आणून दिल्या, त्यांनी तो ठेवणंच बंद केलं. नाडी-बिडी काही नाही, तुम्ही जिथे लावता तिथेच उठतं. (परत 'तुम्ही'वर आली. 'तू' एकदाच.)

मी म्हणालो, पण तो तुम्हीच निवडून दिलात.

ती म्हणाली, तुम्ही म्हणालात, त्यातल्या त्यात स्वस्त दाखवा.

मी म्हणालो, पण तुम्ही मधली बाटली सरकवलीत.

ती म्हणाली, बाकीच्या दोन रिकाम्या होत्या, शोच्या.

मग तिने सगळ्यात वाईट सांगितलं. त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं आणि मी नाही म्हणालो ते तिने खाली ऐकलं होतं. आणि तेव्हाही खालपर्यंत वास येत होता. मग बोलली का नाही? तर म्हणाली, वाटलं, लाजलात. चारचौघांत कशाला तुमची शोभा.

धाकटी चिठ्ठ्या टाचायची थांबली होती. टाचणी तोंडात होती म्हणून वाचलो, नाहीतर बोललीच असती.

ती जाताना म्हणाली, बाटली फेका आणि साबणाने आंघोळ करा, आठ दिवसांत जाईल. पेशंटनाही सांगा. आणि तुम्हाला काय विचारायचं होतं?

मी म्हणालो, चिकणमातीचा डाग कशाने जातो?

ती म्हणाली, ते मला कसं माहीत, लॉन्ड्री तुमची आहे.

३० मार्च

बाटली फेकली. मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये फेकली.

मास्तर, शिंपीणबाई, बेकरीवाला, तिघांकडे जाऊन साबणाने धुवा असं सांगितलं. मास्तर म्हणाले, म्हणजे ते आयुष्यभराचं विष नव्हतं? मी नाही म्हणालो. ते जरा नाराजच झाले. म्हणाले, मला फार हलकं वाटत होतं रे.

बेकरीवाल्याने दार उघडलं, मला पाहिलं, आणि लावलं. मी दारातून सांगितलं.

केंद्र तूर्त बंद. खाट बाहेर काढली. कपडे परत पसरून टांगले.

७ एप्रिल, सोमवार

मान साफ. मनगटं साफ. आईने रोपट्याला नवी कुंडी आणली आणि ती माझ्यापासून लांब ठेवली.

कॉलेजात नाव घालायची मुदत गेली. इस्त्रीला उभा आहे. लॉजने काम परत दिलं, मास्तरवाली चादर सोडून. ती बाबांनी मला दिली. पांघरायला. म्हणाले, वाया कशाला घालवायची.

मी एकदम बरा आहे. कुठेही काही दुखत नाही, खाजत नाही, जळत नाही. असा धडधाकट मी आजवर कधीच नव्हतो. आणि दुकानात जायला आता माझ्याकडे काहीच कारण नाही.

विचार केला. डोकेदुखी? येत नाही. आईच्या गोळ्या? धाकटी मुद्दाम स्वतः आणते. खोकून पाहिलं, बाबा म्हणाले, वाफेने होतं, मरत नाही माणूस. एकदा नुसताच गेलो. ती म्हणाली, काय हवंय? मी म्हणालो, काही नाही. ती म्हणाली, छान! बरे दिसताय. आणि मागच्या माणसाला विचारलं, काय हवंय?

संपलं. बरा झालो आणि संपलं.

९ एप्रिल, बुधवार, सायंकाळ

शांत डोक्याने विचार केला. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढणं शास्त्रीय नाही. सेंटनेच होतं हे सिद्ध कुठे झालंय? खत असू शकतं. मुंग्या असू शकतात. कुणीतरी खात्री करून घ्यायला हवी, आणि या विषयात माझ्याइतका अनुभव दुसऱ्या कुणाचा नाही.

काल सकाळी लावला. थोडासाच. एकाच मनगटाला, डाव्या. उजवा हात औषध घ्यायला मोकळा हवा.

आत्ता पाहिलं. लाल. पुरळ आलंय, छान, दाणेदार.

आईला म्हणालो, डॉक्टरकडे जाऊन येतो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी इस्त्री बाजूला ठेवली आणि म्हणाले, आली एकदाची अक्कल. धाकटीने माझं मनगट पाहिलं, मग माझं तोंड पाहिलं, आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही.

डॉक्टरांना सॉरी म्हणणार. खिडकी उघडी असेल तर मोठ्याने. काही लावता का विचारलं तर खरं सांगणार: लावतो. गोळी देतील ती घेणार. तिच्यासमोर गिळणार. पायरीवर थुंकणार नाही. आणि ते म्हणाले आठ दिवसांनी या, तर आठ दिवसांनी जाणार. चार दिवसांनी या म्हणाले तर फारच उत्तम.

वही मोज्यांखाली, बाटलीशेजारी. आभाळ आलंय म्हणून आई विचारतेय, छत्री नेतोस का. नको. दुकान साडेसातला बंद होतं.

दार ओढून घेतो.